हाताला चव

आचाऱ्याच्या हाताला चव होती, यावर त्या अख्ख्या कारखान्यात दुमत नव्हतं. बाकी सगळ्यावर होतं. पाळ्यांवर, पंख्यांवर, कुणी कुठल्या बाकावर बसायचं यावर रोज तोंडं वाजायची. पण जेवणाची घंटा झाली, कॅन्टीनची पत्र्याची खिडकी वर गेली आणि पहिलं ताट बाहेर सरकलं की सगळे चिडीचूप. सूत काढणाऱ्या यंत्रांपाशी दिवसभर उभी राहणारी माणसं ती. कान बधिर झालेले, नाकात तंतू गेलेले. त्यांना चव कळावी हेच नवल. तरी कळायची. आचारी एखाद दिवस रजेवर गेला तर पहिल्याच घासाला माना खिडकीकडे वळायच्या आणि कुणीतरी विचारायचं, "आज काका नाहीत वाटतं?"

भात-भाजी काय, कुणीही रांधतं. त्याची खरी करामत होती काकडीत. काकडी, टोमॅटो, कांदा चिरायचा, वर मीठ घालायचं, लिंबू पिळायचं. यात कसली आलीय करामत, असं तुम्ही म्हणाल. अहो, तेच तर! शिजवायचं काही नव्हतं, म्हणून सगळी मदार हातावर होती. आचारी बाही कोपराच्या वर सारायचा, उजवा हात मनगटापर्यंत परातीत घालायचा आणि फोड न मोडता, खालून वर, खालून वर असं मीठ लावत राहायचा. डाव, पळी, चमचा यातलं काही त्या परातीच्या आसपास आलेलं त्याला खपायचं नाही. "मीठ कुठं बसलंय ते चमच्याला काय कळतंय?" असं म्हणायचा, आणि एवढं म्हणताना सुद्धा हात काही थांबायचा नाही.

आणि साबण? छे, नावच काढू नका. ज्या म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली तो कांदे सोलायला शिकला, त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं की साबणाच्या हाताला चव राहत नाही. वास अन्नाला लागतो, जेवणारा तोंड वाकडं करतो आणि आचारी कामातून जातो. हे त्यानं जन्मभर गाठीला बांधून ठेवलं. आता माणूस घाणेरडा होता असं समजू नका. उठता-बसता हात नळाखाली धरायचा, पिळलेल्या लिंबाची साल मिठात बुडवून बोटांवर घासायचा, खांद्यावरच्या पंच्याला पुसायचा. संडासातून आला तरी हेच, पाणी, साल आणि पंचा. हात चकचकीत दिसायचे, त्यांना लिंबाचा वास यायचा. याहून स्वच्छ काय असतं, असं त्याला वाटायचं आणि बघणाऱ्यालाही वाटायचं.

त्याला एकच लेक. ती चालायला लागायच्या आधी तिची आई तापानं गेली. मग पोर वाढली ती आचाऱ्याच्या चुलीभोवती, तांदळाच्या पोत्यावर झोपून आणि बापाच्या हातचं खाऊन. बापाला सरळ अरे-तुरे करायची. शेजारपाजारचे नावं ठेवायचे. शाळेत बाईंनी मोठ्यांना अहो-जाहो करायला शिकवलं तेव्हा एक दिवस घरी येऊन म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवलात का?" आचाऱ्यानं हातातली कढई खाली ठेवली. "मी काय तुझा हेडमास्तर आहे?" असा काही ओरडला की पोरगी हसत सुटली. त्यानंतर तिनं त्याला कधी 'तुम्ही' म्हटलं नाही. लग्न झालं तरी नाही.

तब्येतीचा त्याला भारी अभिमान. "माझं पोट पोलादाचं आहे," हे वाक्य त्याच्या तोंडी दिवसातून एकदा तरी यायचंच. एकदाच काय ते पोटानं दगा दिला होता. कारखान्यात लागायच्या आधी तो एका धरणाच्या कामावर मजुरांसाठी रांधायचा. तिथं तंबूत राहायचं, ओढ्याचं पाणी प्यायचं. तिथं त्याला आव पडली. कळा यायच्या, रक्त पडायचं, धोतर आवरायला उसंत नाही. तिथल्या डॉक्टरनं गोळ्यांची पुडी दिली. निम्म्या गोळ्या पोटात गेल्या तशी आव थांबली. उरलेल्या त्यानं फेकून दिल्या. बरं वाटत असताना गोळ्या गिळणं म्हणजे त्याला शुद्ध येडेपणा वाटला. तो उठला आणि चुलीपाशी गेला.

आता त्या पोटातल्या जिवाबद्दल चार शब्द सांगायलाच हवेत, कारण या गोष्टीत त्याचा वाटा कुणाहून कमी नाही. अमीबा म्हणतात त्याला. शाळेच्या पुस्तकात डबक्यातल्या अमीबाचं चित्र असतं, हा त्याचा आतड्यात राहणारा नातलग. सगळा मिळून एका पेशीचा. ना तोंड, ना पाय. जिकडे जायचं तिकडे अंगच पुढे सारतो. त्याची रूपं दोन. एक उघडं. ते मोठ्या आतड्यात हिंडतं, खातं, एकाचे दोन, दोनाचे चार होतं, पण पोटाबाहेर पडलं की लगेच मरतं. दुसरं रूप कवचातलं. स्वतःभोवती भिंत बांधून गप्प बसलेलं. हे बाहेर ओलाव्यात आठवडेच्या आठवडे तग धरतं. नळाच्या पाण्यात घालतात त्या औषधाला भीक घालत नाही. गिळलं तर पोटातल्या आम्लालाही पुरून उरतं, आणि आतड्यात पोचलं की भिंत फोडून पुन्हा उघडं होतं. त्याला मारायचं तर उकळी हवी. हातावरून काढायचं तर साबण लावून खसखसा चोळायला हवं. नखाच्या कडेला चिकटलेलं हे कवच लिंबाच्या सालीनं हलत नाही.

आणि या पाहुण्याची सगळ्यात वाईट खोड अशी की कितीतरी पोटांत तो काहीच करत नाही. नुसता राहतो. यजमानाला साधी ढेकरसुद्धा आंबट येत नाही. यजमान जेवतो, झोपतो, पोट पोलादाचं आहे म्हणून मिरवतो आणि रोज सकाळी त्याच्या पोटातून कवचं बाहेर पडत राहतात. आचाऱ्याचं असंच चाललं होतं. त्या फेकलेल्या गोळ्यांपासून चाललं होतं.

कारखान्यात मधूनमधून कुणाकुणाची पोटं बिघडायची. एकदा जास्तच बोभाटा झाला, तेव्हा मॅनेजरनं पाण्याची टाकी घासून घेतली आणि आचाऱ्याला बोलावून विचारलं. आचारी म्हणाला, "भांडीवाल्या मावशींची नखं बघितलीत का कधी? राखेत हात घालून घालून काळी पडलीत." मावशी दाराशीच उभ्या होत्या. त्यांनी हात पदराखाली घेतले. आठवडा संपायच्या आत त्यांना घरी बसवलं. आचाऱ्याला त्याचं काही वाटलं नाही. खरं म्हणजे आपण कॅन्टीनची अब्रू राखली असंच त्याला वाटलं, आणि त्या दिवशी काकडी लावताना तो शीळ घालत होता.

जावई जहाजावर नोकरीला होता. एकदा गेला की महिनोन्महिने त्याचं तोंड दिसायचं नाही. म्हणून लेकीला दिवस गेले तेव्हा ती सरळ बापाकडे राहायला आली. दोन खोल्यांचं घर, मागे चार बिऱ्हाडांत मिळून एक मोरी आणि संडास. आचाऱ्याला आभाळ ठेंगणं झालं. आता पोरीला काय काय करून घालू याचे मनात बेत सुरू झाले. पण कसलं काय! तिला अन्नाचा वासच सोसेना. भाताला उकळी आली की उलटी, कांदा परतला की उलटी. पहिले महिने सरले तरी तेच. एवढ्या मोठ्या आचाऱ्याची लेक, आणि गालफडं बसलेली. तो मेटाकुटीला आला. एक दिवस ती भिंतीला टेकून बसली होती, ती म्हणाली, "बाबा, तुझ्या हातची काकडी दे ना."

त्यानं धावत जाऊन काकडी आणली. चिरली, मीठ लावलं, लिंबू पिळलं आणि समोर बसून एकेक फोड तिच्या तोंडात घातली. ती खात गेली. वाटी संपली. दोघं वाट बघत बसली. उलटी आली नाही. आचाऱ्यानं पंच्यानं डोळे पुसले आणि वर म्हणाला, कांद्यानं पाणी आलं.

"कांदा घातलाच नाहीयेस तू," ती म्हणाली.

मग रोजचाच नेम झाला. कॅन्टीन आटोपलं की तो धापा टाकत घरी यायचा, बाही वर सारायचा आणि लेकीला भरवायला बसायचा. "असंच खात राहिलीस तर पोरगं काकडीसारखं लांबडं होईल," तो म्हणायचा. "होऊ दे की," ती म्हणायची, "तुझ्यासारखं बुटकं झालं तर लग्न कोण करेल?" तिच्या गालांवर पुन्हा मांस आलं. भात पोटात टिकायला लागला. आयुष्यात आपण जे काही शिकलो ते याच दिवसांसाठी शिकलो, असं आचाऱ्याला मनापासून वाटत होतं.

काही आठवडे गेले. लेक मोरीकडे फार फेऱ्या घालते हे त्याच्या ध्यानात आलं. विचारलं तर म्हणाली, जरा पोट बिघडलंय, काही नाही. बापाला काय सांगायचं असलं, म्हणून तिनं बरंच लपवलं. मग एका सकाळी ती मोरीतून आली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली. लहानपणी शाळा चुकवायची असली की ती असंच पोट धरून उभी राहायची आणि तो म्हणायचा, आव आणू नकोस, दप्तर उचल. त्याला तेच आठवलं. पोरीला जरा हसवावं म्हणून तो म्हणाला, "काय गं, शाळा चुकवायचीय का? उगाच आव आणू नकोस."

"आणत नाहीये रे बाबा," ती म्हणाली. "पडतेय. रक्तही आहे."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई बुटक्याशा, बोलायला तुटक. त्यांनी लेकीला लगेच भरती करून घेतलं आणि तपासणीसाठी डबी दिली. शौच ताजं हवं, म्हणाल्या, कोमट असतानाच बघायला हवं. थंड पडलं की तो जीव हलायचा थांबतो आणि मग ओळखू येत नाही. आता गरम ते गरमच पोचवायचं, हे आचाऱ्याला कुणी शिकवायला नको होतं. त्यानं डबी पंच्यात गुंडाळली, मुठीत धरली आणि त्या लांबलचक व्हरांड्यातून माणसं चुकवत पळत सुटला.

प्रयोगशाळेतल्या माणसानं काचेवर थेंब ठेवला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि थोड्या वेळानं म्हणाला, "सापडला. बघायचाय?" आचाऱ्यानं वाकून पाहिलं. पिवळट उजेडात एक पारदर्शक ठिपका होता. तापल्या तव्यावर तेलाचा थेंब एका बाजूनं ओघळावा तसं त्याचं अंग एका बाजूनं पुढे आलं, उरलेलं मागून आलं, आणि ठिपका सरकला. त्याच्या आत बारीक बारीक चकत्या दिसत होत्या.

"त्या काय आहेत?"

"रक्तातल्या तांबड्या पेशी. त्यानं खाल्लेल्या."

"कुणाचं रक्त?"

"पेशंटचंच," तो म्हणाला.

आचारी सरळ उभा राहिला. आपल्या लेकीला खाणारा त्यानं डोळ्यांनी पाहिला होता. संतापानं त्याचं डोकं फिरलं. त्या मेल्याचा गळा दाबावा असं त्याला वाटलं, पण त्याला गळाच नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. हा जीव आतड्याच्या अस्तराला चिकटतो, जिवंत पेशींचे लचके तोडतो आणि आत शिरतो. जखमेचं तोंड लहान राहतं, आत मात्र ती सुरईसारखी पसरत जाते. वरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. कधी रक्तातून यकृतात जातो आणि तिथं गळू करतो. आणि गरोदर बाईच्या अंगात तो जास्तच चेकाळतो, म्हणून फार जपायला हवं. शिरेतून औषध सुरू झालं. नंतर कवचं मारायच्या वेगळ्या गोळ्याही दिल्या. लेक सुधारली. तोंडावर तेज आलं. पोटातलं बाळ लाथा मारत होतं आणि ती बापाचा हात धरून पोटावर ठेवायची.

घरी सोडताना बाईंनी विचारलं, "घरात आणखी कोण आहे?"

"मी एकटाच."

"मग तुमचीही तपासणी करून टाका. ही डबी न्या."

आचारी हसला. "माझी? बाई, माझं पोट म्हणजे पोलाद."

"दुखत नसलं तरी करा. आणि हिला बाहेरचं कच्चं काही देऊ नका."

"बाहेरचं? छे हो! सगळं माझ्याच हातचं असतं."

बाईंना दुसऱ्या पेशंटकडे बोलावणं आलं आणि बोलणं तिथंच राहिलं. आचाऱ्यानं भिडेखातर डबी खिशात टाकली. ज्याला काही होत नाही त्यानं कशाला उगाच डॉक्टरांच्या दारात जायचं? घट्ट झाकणाची चांगली डबी होती. घरी आल्यावर त्यानं तिच्यात मिरी भरून ठेवली.

लेकीची काळजी घेण्यात त्यानं काही कमी केलं नाही, हे मात्र सांगायलाच हवं. पाणी खळखळ उकळायचा. काकडी त्या उकळलेल्या पाण्यात धुवायचा, सालं काढायचा. सुरी उकळायचा, वाटी उकळायचा, पाट सुद्धा कढत पाण्यानं धुवायचा. हात धुऊन त्या जिवाच्या मागे लागला होता म्हणा ना. आणि सगळं उकळून झालं की बाही वर सारायचा, लिंबाची साल बोटांवर फिरवायचा आणि हात वाटीत घालायचा. हात तेवढा उकळता येत नाही.

पुढच्या महिन्यात, भर दुपारी, कॅन्टीनच्या खिडकीशी शेजारीण धावत आली. लेक मोरीपाशी पडली होती. ताप फणफणलेला, पोट लाकडासारखं कडक. दवाखान्यात नेल्याबरोबर तिला आत घेतलं. आचारी बाहेर बाकावर बसला. त्याचे हात काकडीच्या रसानं चिकट होते. परात तशीच टाकून तो आला होता.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी सांगितलं. आतड्याला भोक पडलं होतं. मोठ्या आतड्याचा बराचसा भाग काढावा लागला. लेक जिवंत होती, पण अजून सांगता येत नव्हतं. बाळ गेलं होतं. मुलगी होती. त्यांनी विचारलं, बघायचंय का? त्यानं बघितलं. काळं जावळ होतं, आणि हनुवटी थेट लेकीची.

"हे पुन्हा झालंय," बाई म्हणाल्या. "औषध नीट लागू पडलं होतं. म्हणजे पुन्हा कुठून तरी पोटात गेलं. ती डबी दिली होती, तिचं काय झालं?"

"तिच्यात मिरी ठेवलीत," आचारी म्हणाला. तोंडातून शब्द गेल्यावर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दुसरी डबी दिली.

त्याच्या पोटात कवचं निघाली. पुष्कळ निघाली. पण बाई म्हणाल्या, अजून थांबा. अगदी अशीच कवचं करणारा एक भाऊबंद असतो, तो निरुपद्रवी. नुसतं बघून दोघांत फरक करता येत नाही, वेगळी तपासणी करावी लागते. त्या तपासणीचा निकाल येईपर्यंत आचारी त्या निरुपद्रवी भाऊबंदावर जीव लावून बसला. तोच असू दे, तोच असू दे, असं तो चालताना पुटपुटायचा. पाणी खराब असेल, शेजारच्यांची मोरी असेल, कुणीही असेल, मी नको. इतकं जीव तोडून त्यानं आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं.

निकाल आला. भाऊबंद नव्हता.

"तुम्ही आजारी नाही," बाई म्हणाल्या, "पण तुमच्याकडून जातं. हात कशानं धुता?"

"साबण शिवत नाही मी, बाई," तो म्हणाला. जन्मभराच्या सवयीनं, मान ताठ करून म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्याला सगळं कळलं.

गोळ्या त्यानं या वेळी शेवटच्या गोळीपर्यंत घेतल्या. कारखान्यात जाऊन मॅनेजरला खरं ते सांगितलं. मॅनेजर म्हणाला, साफ झालात की या परत, लोक विचारतात. तो गेला नाही. त्याऐवजी तो भांडीवाल्या मावशींचं घर शोधत गेला. त्या आता चिंध्या निवडायच्या कामाला जात होत्या. दारातच उभं राहून त्यानं सांगितलं की दोष तुमचा नव्हता, माझा होता. माझ्या हाताचा होता. लेकीचं आणि बाळाचंही सांगितलं.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "माझी नखं तेवढी दिसली तुम्हाला," त्या म्हणाल्या.

तो आपल्याच नखांकडे बघत राहिला.

"लेकीला सांगितलंत?"

"नाही."

"मग माझ्या दारात काय करताय? जा, आधी तिला सांगा." त्यांनी दार लोटून घेतलं.

लेकीला सांगणं हेच तर होत नव्हतं. ती शुद्धीवर आली होती. जगणार हे आता नक्की होतं. पोटाच्या बाजूला पिशवी लावलेली, हाताला सुई, आणि भिंतीकडे बघत पडलेली. जावयाला कळवलं होतं, पण त्याचं जहाज अजून समुद्रातच होतं. म्हणजे तिला बोलायला माणूस बाप एकटाच. आणि ती रोज एकच बोलायची. "तपासायला आले होते ना बाबा, त्या दिवशी दवाखान्याबाहेरच्या नळाचं पाणी प्यायले मी. फार तहान लागली होती रे. तू सांगितलं होतंस, बाहेरचं काही घेऊ नकोस म्हणून. मी तुझं ऐकलं नाही. मीच मारलं रे तिला." आचारी तिच्या केसांवरून हात फिरवायला जायचा आणि हात मागे घ्यायचा. नाही गं, एवढंच म्हणायचा. पुढचं वाक्य तोंडाबाहेर काढायचा नाही. ते वाक्य बोललं तर लेक मोकळी होणार होती आणि बाप म्हणून त्याचं काही उरणार नव्हतं. ते बोलत नव्हता तोवर ती रोज स्वतःला जाळत होती. भित्रा होता, दुसरं काय! उद्या सांगू, उद्या सांगू करत त्यानं दिवस ढकलले.

मावशींच्या दारातून तो थेट दवाखान्यात आला. दुपारची वेळ होती, जेवणाची गाडी येऊन गेली होती. व्हरांड्याच्या टोकाला हात धुवायची जागा होती. तिथं लाल साबणाची वडी होती. त्यानं हात धुतले. नखांत, बोटांच्या बेचक्यांत, मनगटापर्यंत फेस आणून पुन्हा पुन्हा धुतले. मग मऊ भाताची वाटी घेऊन तो लेकीच्या खाटेपाशी बसला आणि चमच्यात घास घेऊन तिच्या तोंडापाशी नेला.

तिनं तोंड उघडलं नाही. तिचं नाक हललं.

"साबणाचा वास येतोय," ती म्हणाली.

"हो."

"तुझ्या हाताला?"

तिनं सुई टोचलेल्या हातानं त्याचं मनगट धरलं, त्याचा तळहात ओढून नाकाशी नेला. आचाऱ्याची लेक ती. त्या हाताचे सगळे वास तिला पाठ होते. कांद्याचा, लिंबाचा, धुराचा. हा वास तिनं त्या हाताला कधी घेतला नव्हता.

"बाबा?"

"नळाचं पाणी नव्हतं पोरी," तो म्हणाला. आता बोलायला लागला तसा थांबेना. "तू काही केलं नाहीस. पाण्याचं मनातून काढून टाक. माझ्या पोटात होता तो. धरणावरच्या त्या आजारापासून होता. बाईंनी तपासायला सांगितलं होतं, मी तपासलं नाही. सगळं उकळत बसलो आणि हातानं कालवत बसलो. माझ्या हातून गेलं तुझ्या पोटात. पहिल्यांदाही आणि परतही."

ती त्या हाताकडे बघत राहिली. शेजारच्या खाटेवरची बाई कण्हत होती. बाहेर कुणीतरी ताटं गोळा करत होतं. मग तिनं हात सोडला. झटकला नाही, पांघरुणावर अलगद ठेवून दिला.

तो वाट बघत होता. ओरडावं, शिव्या द्याव्यात, रडावं तरी.

"चमचा द्या इकडे," ती म्हणाली. "मी माझी खाते."

कुणाला 'द्या' म्हणाली ते बघायला आचाऱ्यानं मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. त्यानं चमचा दिला.